भिंतीकडे तोंड करून ऐकलेला खर्ज

ज्या एका प्रसंगामुळे माझा कान खरा आहे असे लोक आजही म्हणतात, त्या प्रसंगात मी खोटे बोललो होतो. तुळजापुरात, एका शिंप्याच्या परसात, मातीच्या भिंतीकडे तोंड करून मी बसलो होतो. मला एकच शब्द बोलायचा होता, आणि तो मी जाणूनबुजून चुकीचा बोललो. तेव्हा मी विशीत होतो, आता पन्नाशी उलटली आहे. मधल्या साऱ्या काळात ही गोष्ट मी कोणालाही, अगदी पत्नीलाही, सांगितली नाही. उलट कोणी तो प्रसंग कौतुकाने सांगू लागले की मी मान खाली घालून किंचित हसत असे, आणि त्या हसण्याला लोक विनय समजत.

लग्नसराई आली की हे सारे माझ्या अंगावर येते. धाराशिवच्या आमच्या गल्लीत मंडपवाल्याची गाडी येऊन बांबू उतरवू लागते, बांबू बांबूवर आपटल्याचा तो पोकळ आवाज होतो, आणि मी कचेरीतून घरी येता येता वाट बदलतो. वैशाखातले ऊन, शेणसडा घातलेल्या अंगणाचा वास, ओल्या हळदीचा वास, चुलाणावर रटरटणारी गव्हाची खीर, जिला आमच्याकडे हुग्गी म्हणतात, हे सगळे इतरांना आनंदाचे वाटते. मलाही एके काळी वाटत असे. मी बँडात क्लॅरिनेट वाजवीत होतो. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, आणि ओठ फुटू नयेत म्हणून त्यांवर चोळलेले तूप. अशा अवतारात मी तुळजापूर तालुक्यातल्या कितीतरी नवरदेवांना मारुतीच्या देवळापर्यंत पोचवले आहे.

यंदा मात्र वाट बदलून भागले नाही, कारण लग्नसराई माझ्या घरात शिरली. माझा पुतण्या सतीश सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्याने दुकानातून दोन गिटारी पारखायला आणल्या आणि माझ्या ओसरीवर मांडल्या. एक नवी, तांबडीलाल, आरशासारखी चकचकीत आणि उचलायला हलकी. तिच्या पोटात एक चपटी बॅटरी बसवली होती, आणि तिच्यामुळे आवाज हवा तसा जाड किंवा बारीक करता येत होता. दुसरी जुनी आणि जड. आधीच्या वादकाचा हात जिथे टेकत असे तिथला रंग उडून खालचे लाकूड उघडे पडले होते. शिवाय आवाजाच्या दोन पेट्या होत्या. एक दोघांनी उचलावी एवढी थोरली, एक काखेत मारून नेता येईल एवढी.

“काका, चार चार तास उभं राहून वाजवावं लागतं,” सतीश म्हणाला. “जुनीचा पट्टा खांद्यात रुततो. पण नवीचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचंल का, हे कळंना झालंय. दुकानात सगळंच चांगलं वाजतं.”

त्याचे म्हणणे खरे होते. दुकानात भिंती जवळ असतात. मंडपात आवाज कापडातून निघून जातो, मागे पंगत बसलेली असते, वीज कमीजास्त होते, आणि उन्हात तापून गिटारीच्या लाकडी मानेला किंचित बाक आला की तारा तिच्यावरच्या पट्ट्यांवर घासून झिणझिण करतात. वादकाला हे सारे आधी विचारात घ्यावे लागते. मी त्याला काही सांगणार, इतक्यात तो हसत म्हणाला, “तुम्ही असं करा, भिंतीकडं तोंड करून बसा. दत्तूमामाच्या परसात बसला होता ना, तसं. मी दोन्ही वाजवतो. तुम्ही नुसतं पहिली का दुसरी ते सांगा.”

घरातल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. माझ्या सुनेने हौसेने पाट आणून भिंतीजवळ ठेवला.

मी बसलो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर माझीच सावली पडली होती. मागे सतीशने एक तार छेडली, खालची, जाड. ओसरीच्या फरशीतून तो आवाज माझ्या पायांत आला. आणि त्या क्षणी मला चुन्याची भिंत दिसेनाशी होऊन मातीची भिंत दिसू लागली. तिच्यात अडकलेल्या भुशाच्या काड्या, तिच्यावरून चाललेली मुंग्यांची रांग. मी उठलो. पाट सरकला. सुनेने विचारले, “काय झालं, मामंजी?”

आमच्या बँडाचे मालक दत्तूमामा. ते कोणाचेही मामा नव्हते, पण सारे तुळजापूर त्यांना मामा म्हणे. व्यवसाय शिंप्याचा. बँडाचे कोट ते स्वतः शिवत, आणि एखादा वादक बारीक किंवा जाड झाला तर त्याच्या वाजवण्याआधी त्यांना कोटाची चिंता पडे. “लेका, हुग्गी कमी खा,” असे ते मला म्हणत, “काखेत मी आता आणिक कापड कुठून घालू?”

बँडात सर्वांत खालच्या स्वराचे वाद्य म्हणजे बास. मोठा पितळी बाजा. त्याची नळी वेटोळी घेत घेत वर जाते आणि तोंड भल्या मोठ्या कर्ण्यासारखे उघडते. पोरे त्याला हत्ती म्हणत. आमचा हत्ती महेबूबचाचांचा होता. चाचा जळकोटचे. तारुण्यात ते एका जहागीरदाराच्या पदरी असलेल्या बँडात होते. हैदराबाद संस्थान विलीन झाले, जहागिरी गेल्या, बँड मोडले, आणि निरोप देताना जहागीरदाराने ज्याचे वाद्य त्याला देऊन टाकले. चाचा तो बाजा वाकळेच्या पिशवीत घालून गावी आले. पिशवी त्यांच्या बायकोने शिवलेली होती. बाजाच्या अंगावर पोचे होते. एका सांध्यातून हवा निसटत असे, म्हणून तिथे त्यांनी मेण लावले होते. उन्हात पितळ तापून हाताला चटके बसत, म्हणून धरायच्या जागी ते ओले फडके गुंडाळीत.

एक गोष्ट मला अजून स्वच्छ आठवते. लग्न लागताना लोक अक्षता टाकतात. वधूवरांच्या डोक्यावर पडतात त्याहून अधिक त्या इकडेतिकडेच पडतात, आणि बाजाचे तोंड वर उघडे असल्यामुळे पुष्कळशा त्यात जातात. लग्न आटोपले की चाचा बाजा एका पोत्यावर उपडा करीत आणि हळुवार थोपटीत. आतून कुंकवाने रंगलेले तांदूळ सरसर बाहेर येत. ते तांदूळ चाचा रुमालात बांधून घरी नेत.

“चाचा, हे कशाला?” मी एकदा विचारले.

“कोंबड्यांना,” ते म्हणाले. “आमच्या कोंबड्या बामनापाटलाच्या लग्नातलं खातात. तुला काय वाटलं, येरागबाळ्या हायती व्हय?”

असा हा माणूस. मोठ्याने हसताना मी त्यांना पाहिले नाही. दुसऱ्यांना हसवून ते स्वतः बाजाचे पाणी काढीत बसत.

खालच्या स्वराचे वैशिष्ट्य असे की तो वाजत असताना कोणाचे तिकडे लक्ष नसते. लोक क्लॅरिनेट ऐकतात, ढोलावर नाचतात. बास वाजतो आहे हे ज्याला वर जायचे असते त्याला तरी ठाऊक असायला हवे. मी वरच्या पट्टीत जाऊन गिरक्या घेत असे, आणि खाली कुणीतरी जमीन धरून उभे आहे याची मला कधी जाणीवही नसे. ती व्हायला तामलवाडीचे लग्न यावे लागले.

त्या दिवशी परण्या निघाला होता. म्हणजे नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेत होते. कलते ऊन होते. वधूकडच्या मंडळींत माझ्यासाठी पाहिलेल्या मुलीचे वडील आणि भाऊ होते, आणि ते माझ्याकडे पाहत आहेत हे मला माहीत होते. मी नसते धाडस केले. न बसवलेली एक तान वर नेली, तिथे हरवलो, आणि परतीचा सूर सापडेना. ढोलवाला गोंधळला, बाजूचा क्लॅरिनेटवाला थांबला. क्षणभर साऱ्या बँडाचा धागा सुटला. तेवढ्यात मागून चाचांनी षड्ज धरला. लांब, सरळ, न हलणारा. त्यांनी तो इतका वेळ धरला की आम्ही सारे एकेक करून, वाट चुकलेली गुरे गोठ्यात परततात तसे, त्यावर येऊन उभे राहिलो. वरातीतल्या लोकांना वाटले की ती गंमत मुद्दामच केली होती. कोणीतरी फेटा उडवला.

परतताना आम्ही बैलगाडीत होतो. मग चाचा सगळ्यांसमोर, पण अगदी मायेने म्हणाले, “वसंता, वर जातूस ते ब्येस जातूस. फकस्त जाताना एकदा खाली बघत जा. म्या हाय की तितं.”

ढोलवाला फिस्सकन हसला. “चाचा, त्याला खाली बघायला सवड कुठंय? त्यो सासऱ्याकडं बघत हुता!”

सारी गाडी हसली. चाचा हसले नाहीत. पण माझ्या कानांत रक्त उसळले, आणि मला त्या हसणाऱ्यांचा राग आला नाही. राग आला तो ज्याने मला सांभाळले त्याचा. इतक्या वर्षांनी मी त्या रागाकडे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्यात अपमान नव्हता, अन्याय तर मुळीच नव्हता. आपण पडलो आणि एकाने हात दिला, हे त्याला ठाऊक आहे, एवढीच टोचणी होती. उपकाराचा राग येतो हे मी त्या बैलगाडीत शिकलो, आणि ते शिकल्याची मला अजून लाज वाटते.

त्याच सुमारास दत्तूमामांचा मेहुणा किसन सोलापूरहून नवा बास घेऊन आला. किसन धट्टाकट्टा, उमदा पोरगा. बाजा असा झळाळत होता की त्यात आमच्या लाल कोटांची प्रतिबिंबे पडत. आमच्यात माणूस आणि वाद्य वेगळे धरायची रीत नव्हती. ज्याचा बाजा त्यानेच तो वाजवायचा. त्यामुळे बाजा निवडणे म्हणजे माणूस निवडणे होते. दत्तूमामा पेचात पडले. घरात बायको, समोर इतक्या वर्षांचा सोबती.

“मी कुणाचं नाव घेणार न्हाय,” ते म्हणाले. “पाठीवर ऐकून ठरवू.”

पाठीवर ऐकणे ही आमच्याकडची जुनी पद्धत होती. संबळ, ढोलकी, काहीही घ्यायचे असले की ज्याच्या कानावर भरवसा असेल त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचे आणि मागे वाद्ये वाजवायची. डोळ्याला चकाकी दिसत नाही, वाजवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून निवाडा निर्मळ, असा समज होता. मला वाटते, आम्ही सारेच त्यात एक साधी चूक करीत होतो. जो माणूस अनेक लग्नसरायांत तुमच्या मागे उभा राहून वाजवत आला आहे, त्याला ओळखायला डोळे कशाला लागतात? पण ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही. आणि कानावर भरवसा ठेवायला त्यांनी मला निवडले.

दुपार होती. परसात लिंबाची सावली, दोरीवर वाळत घातलेले कोट. मी भिंतीकडे तोंड केले. दत्तूमामा म्हणाले, “हं, पहिला.”

पहिला आवाज दणदणीत आला. नव्या पितळेचा, तरण्या छातीचा. परंतु अगदी खालच्या स्वराला तो फाटत होता, कापड टर्रकन फाटावे तसा. मग मागे कोणीतरी हलकेच घसा साफ केला आणि ओठांतल्या ओठांत ‘बिस्मिल्ला’ म्हटले. वाद्य अजून वाजलेही नव्हते. त्यानंतर तो षड्ज आला. मेणाच्या सांध्यातून निसटणारी बारीकशी सुरसुर त्यात होती, पण तिच्याखाली तो स्वर तामलवाडीच्या रस्त्यासारखा रुंद होता. माझ्या मांडीखालची जमीन त्याने भरली. दोन वाद्यांत तुलना करण्यासारखे काही उरलेच नाही.

“बोल, वसंता,” मामा म्हणाले.

“पहिला,” मी म्हणालो.

मामांचा आवाज किंचित बदलला. “नक्की का रे? पुन्हा वाजवू का?”

पुन्हा संधी दिली गेली होती. मुंग्यांची रांग भिंतीवरून चालतच होती. मी म्हणालो, “नको. नक्की.”

मी वळलो तेव्हा चाचा आपल्या बाजाचे फडके सोडीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत संशय असता तर मला कदाचित ते आज इतके सलत नसते. त्यात केवळ आश्चर्य होते, आणि ते माझ्याविषयी नव्हते. ते स्वतःविषयी होते.

“वसंताचा कान खोटं बोलत न्हाय,” ते मामांना म्हणाले. “माझाच दम सरला असंल. मला कळलं न्हाय, एवढंच.” मग ते किसनकडे गेले, त्याच्या नव्या बाजाची खालची चावी दाबून दाखवली. “हितनं पाणी काढत जा, बेटा. साचलं की आवाज घरघरतंय.” त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, बाजा वाकळेच्या पिशवीत घातला, आणि जळकोटच्या गाडीची वेळ विचारून निघून गेले.

मी धावत जाऊन त्यांना थांबवू शकलो असतो. रस्ता सरळ होता, पिशवी जड होती, ते सावकाश चालत होते.

पुढे काय झाले? खरे सांगायचे तर काहीच नाही. हीच गोष्ट मला सर्वांत कठीण वाटते. त्या लग्नसराईत आमच्या बँडाचे नाव झाले. किसन मनापासून वाजवी. नव्या बाजाचा झगमगाट पाहून लोकांनी आम्हाला दुरून दुरून बोलावले. एकही लग्न बिघडले नाही, एकाही वऱ्हाड्याने विचारले नाही की जुना हत्ती कुठे गेला. मला कसलीही शिक्षा झाली नाही. फक्त वरच्या पट्टीत जाताना मला आता खाली बघण्याची सवय लागली होती, आणि बघितले की तिथे कोणी नसे. मी वर जाणेच सोडून दिले. लोक म्हणाले, वसंता आता पोक्त वाजवतो.

पावसाळ्याच्या तोंडी तुळजापुरात तांबटाच्या दुकानासमोरून जाताना मला तो बाजा दिसला. मोडीत घातलेल्या हंड्या-पातेल्यांत तो उपडा पडला होता. मेण लावलेला सांधा मी ओळखला. तांबट म्हणाला, “जळकोटच्या म्हाताऱ्यानं घातला. म्हणतो, वाजवणाराच रिकामा झाला तर ठेवून काय करू? कर्ण्याचं घंगाळ ब्येस हुईल बघा.” चाचा तेव्हा पंचेचाळिशीचेही असतील नसतील, आणि ते म्हातारा म्हणवून घेऊ लागले होते. मी तिथून निघालो. काही दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा ठोक्यांचा आवाज येत होता. आत डोकावून पाहिले नाही.

पुढे मला नोकरी लागली, बँड सुटला, लग्न झाले. तामलवाडीच्याच त्या घरात झाले. माझ्या कानाची ख्याती मात्र माझ्याआधी सगळीकडे पोचत असे. भजनी मंडळाला पेटी घ्यायची असो, देवळाला घंटा घ्यायची असो, लोक मला बोलावीत आणि भिंतीकडे पाट ठेवीत. मी सगळीकडे गेलो. त्या सगळ्या ठिकाणी मी खरे तेच सांगितले, काटेकोर, कधी कधी दुकानदाराला राग येईल इतके. एका खोट्यावर मी इतकी खरी उत्तरे रचत गेलो, की त्यांच्या भाराने ते दबून जाईल असे मला वाटत होते. ते दबले नाही. जळकोटवरून जाणाऱ्या गाडीत मी कितीदा बसलो असेन. ते गाव आले की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत असे. चाचा हयात आहेत हे मला कचेरीतल्या जळकोटच्या एका सहकाऱ्याकडून कळत असे. मी विचारत नसे, तोच सांगे.

त्या दिवशी ओसरीवर मी पाटावरून उठलो आणि सतीशच्या समोर बसलो. म्हणालो, “दोन्ही माझ्यासमोर वाजव. मला बघू दे.” त्याने वाजवल्या. मग मला जे कळले ते मी त्याला सांगितले. जुनीचा खालचा स्वर गोल आहे, लवकर विरत नाही, पण तिची बटणे खरखरतात आणि मान वाकलेली आहे, उन्हाळ्यात त्रास देईल. नवीच्या आवाजात तेवढी ऊब नाही, तथापि तो स्पष्ट आहे, गर्दीत हरवणार नाही. बॅटरी मात्र ऐन कार्यक्रमात दगा देईल, म्हणून जवळ दुसरी ठेवावी लागेल. लहान पेटी नेता येईल, पण मोकळ्या मैदानात ती धाप टाकील. तिथे थोरलीच हवी. “आणि खांदा तुझा आहे,” मी म्हणालो, “तेव्हा निवड तू कर.”

“पण तुमचं मत काय, काका? एक शब्द सांगा.”

“एका शब्दात मी सांगत नाही,” मी म्हणालो. “एकदा सांगितलं होतं.”

त्याला ते कळले नाही. त्याने नवी गिटार आणि थोरली पेटी घेतली, आणि मला वाटते, त्याने योग्यच केले. नव्याची निवड चुकीची असते असे मला कधीच म्हणायचे नव्हते. किसनचा बाजाही वाईट नव्हता. ज्याला चांगले ऐकू आले होते त्याने ते ऐकू आले नाही असे म्हटले, एवढाच तो दोष.

दुसऱ्या दिवशी मी जळकोटला गेलो. दुपारच्या उन्हात गल्ली निपचित पडली होती. कुठल्याशा दारावर लग्नाची तोरणे लागली होती, बायका पापड वाळत घालीत होत्या. चाचांचे घर एका लहान मुलीने दाखवले. दारात ते खाटेवर बसले होते. अंगावर बंडी, दाढी पांढरीशुभ्र, डोळे शांत. त्यांच्या सुनेने मला घोंगडीवर बसवले, पाणी दिले. मी नाव सांगितले.

“कोन?” चाचांनी तिला विचारले.

“त्यांना ऐकू येत न्हाय वो,” ती म्हणाली. “उजव्या कानात मोठ्यानं बोला. लई मोठ्यानं.”

मी जवळ सरकलो, आणि तिनेच माझे नाव त्यांच्या कानात ओरडून सांगितले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “वसंता! क्लार्नेटवाला! अगं सलमा, ह्येचा कान लई खरा. असा कान आख्ख्या तालुक्यात न्हाय.” आणि मला म्हणाले, “वाजवतूस का अजून?”

मी नकारार्थी मान हलवली. सून हसून म्हणाली, “हे सांगतात, त्यांच्याकडं हत्ती हुता म्हणून. आमी म्हणतो, अब्बा, हत्तीला घालायला दाणे कुठून आणत होता? तर म्हणतात, लग्नातलं आणत हुतो.”

चाचा काहीच न ऐकता हसत होते. मग त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. “बरं झालं, तू तवा सांगितलं. न्हायतर म्या तसाच फुकत बसलो असतो, आन् लोकं हसली असती. दम गेलेल्या मानसाला कळत न्हाय बघ.”

वाटेत गाडीमध्ये मी एक वाक्य जुळवले होते. ते नीट बांधलेले, मोजूनमापून केलेले वाक्य होते. त्यात ‘तारुण्यसुलभ अविवेक’ असे शब्द होते. मी ते हळू आवाजात, माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो.

“ऐकू येईना,” चाचा म्हणाले, आणि कान पुढे केला.

मी ते अधिक मोठ्याने म्हटले. ‘अविवेक’ हा शब्द त्या दारात अगदी पोरका वाटला. त्यांनी पुन्हा मान हलवली. पापड घालणाऱ्या बायकांनी हात थांबवून आमच्याकडे पाहिले. समोरच्या दारातून एक गृहस्थ बाहेर आला. मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही. घरात नाही, कचेरीत नाही. आता मला कळले की हळू बोलणे हीसुद्धा माझ्या लपण्याची एक जागा होती.

मी त्यांचा हात हातात घेतला, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेले, छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून म्हणालो,

“चाचा, मी खोटं बोललो होतो! तुमचा बाजा चांगला होता! तुमचा दम गेला नव्हता, चाचा, मला कळलं होतं, तरी मी खोटं बोललो! मला माफ करा!”